एसयू कार्ब्युरेटरचं ओरिजिनल रीबिल्ड किट: १९६७च्या एमजीबीवर घरीच बसवलं, त्याचा अनुभव

आधी कामाचं सांगते, मग बाकीचं. (कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग, एसयू हे त्याच्या कंपनीचं नाव.) किट घ्या, पण ओरिजिनल घ्या, आणि घ्यायच्या आधी तुमच्या कार्ब्युरेटरची बॉडी झिजलीय का ते बघा, कारण बॉडी झिजली असेल तर नुसतं किट बसवून स्लो, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनचा संथ वेग, कधीच नीट लागणार नाही. हे मला दोन किटांचे पैसे घालवून कळलं.

माझी गाडी एमजीबी रोडस्टर, १९६७ची, उघड्या टपाची, तारांच्या चाकांची, दोन माणसांपुरती. मी राहते इंग्लंडमध्ये, स्विंडनला. एमजीबी जोडली जायची ॲबिंग्डनच्या कारखान्यात, १९६२ पासून १९८० ला तो कारखाना बंद पडेपर्यंत, पण तिच्या पत्र्याच्या बॉड्या इथे स्विंडनमध्ये प्रेस्ड स्टील नावाच्या कंपनीच्या कारखान्यात बनायच्या, त्यामुळे आमच्या गल्लीत गाडी उभी असली की एखादे म्हातारे आजोबा थांबून हात फिरवून जातात आणि मला फार बरं वाटतं. पण गाडी घ्यायचं खरं कारण वेगळं आहे. आमच्या अण्णांनी मिरजेत सत्तावीस वर्षं ॲम्बॅसिडर टॅक्सी चालवली, आणि ॲम्बॅसिडरचं १४८९ सीसीचं इंजिन आणि ह्या गाडीचं १७९८ सीसीचं इंजिन हे एकाच घरातलं, बीएमसी म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सिरीज. पहिल्यांदा ही गाडी बघायला गेले तेव्हा मालकाने बॉनेट उघडून स्टार्ट केली आणि टॅपेटचा (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा) तो टिकटिक आवाज ऐकून मला थेट आमचं मिरजेतलं अंगण आठवलं. मी तिथेच हो म्हटलं.

आता बिघाड काय होता ते. मार्च महिन्यात हिवाळ्यातनं गाडी बाहेर काढली तर थंड असताना ठीक, पण गरम झाली की स्लो वरखाली व्हायला लागायचा, मिनिटाला कधी ६०० फेरे, कधी हजाराच्या वर, सिग्नलला उभी राहिली की बंद पडते का काय असं वाटायचं. दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की आधी एक गचका आणि मग पिकअप. गॅरेजमध्ये सकाळी शटर उघडलं की पेट्रोलचा वास. ॲव्हरेज गॅलनला १९ मैलांवर आलं, आधी २६ च्या आसपास मिळायचं. आणि सगळ्यात खटकणारी गोष्ट म्हणजे पंप थांबेना. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ह्या गाडीत पेट्रोलचा पंप इलेक्ट्रिक असतो, तोही एसयूचाच, मागच्या बाजूला बसवलेला, चावी फिरवली की मागून टक टक टक टक आवाज येतो, दोन्ही कार्ब्युरेटरच्या (ह्या गाडीला दोन असतात) पेट्रोलच्या वाट्या भरल्या की तो आपोआप थांबतो. माझा थांबायचाच नाही. म्हणजे पेट्रोल कुठेतरी निघून जातंय. खाली वाकून बघितलं तर मागच्या कार्ब्युरेटरच्या ओव्हरफ्लोच्या नळीतनं थेंब थेंब पडतोय.

हे हलक्यात घेऊ नका. बी-सिरीज इंजिनात इनलेट (मिश्रण आत जायची वाट) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर जायची वाट) दोन्ही एकाच बाजूला असतात, म्हणजे कार्ब्युरेटरच्या बरोबर खाली तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, धूर नेणारा नळ्यांचा जोड. मध्ये पत्र्याची हीट शील्ड आहे, ओव्हरफ्लोची नळी पार खालपर्यंत नेलेली आहे ती ह्याचसाठी, पण जुनी नळी तडकलेली असेल तर पेट्रोल कुठे पडेल ते सांगायला नको. मी त्या दिवशी गाडी ढकलत गॅरेजमध्ये लावली, बॅटरी काढली आणि आग विझवायचा सिलिंडर आणून भिंतीला लावला, त्यानंतरच पान्याला हात लावला.

संध्याकाळी अण्णांना व्हिडिओ कॉल केला. मी सांगायला सुरुवात केली की अण्णा कार्बोरेटर गेलाय, किट मागवते. तर अण्णा म्हणाले, "पॉइंट बघितलास काय?" मी म्हटलं नाही. "टॅपेट?" नाही. "मग कार्बोरेटर गेला हे कुणी सांगितलं तुला? आधी टॅपेट, मग पॉइंट, मग टायमिंग आणि सगळ्यात शेवटी कार्बोरेटर. उलट्या टोकानं सुरू केलीस तर आठ दिवस फिरत बसशील बघ." मी म्हटलं अण्णा, पेट्रोल गळतंय हो. "गळतंय ते वेगळं. ते बंद कर. पण स्लो लागत नाही त्याला कारण एकच असतंय असं धरून चालू नकोस."

त्यांचं बरोबर निघालं, निदान अर्धं तरी. टॅपेटचा गॅप थंड इंजिनवर १५ थाउ, म्हणजे ०.०१५ इंच लागतो, आठातले दोन टाइट होते. पॉइंटचा (प्लगची ठिणगी वेळेवर पाडणाऱ्या संपर्काचा) गॅप १४ ते १६ थाउ हवा, माझा दहाच्याही खाली गेला होता, टाच झिजली की गॅप कमी होतो आणि त्यासोबत टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, पण सरकतं. नवीन पॉइंट, नवीन कंडेन्सर, प्लग साफ. एवढं केल्यावर गचका निम्मा गेला! कार्ब्युरेटरला बोटसुद्धा न लावता. म्हणून ज्यांनी किट मागवायला फोन हातात घेतलाय त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, आधी फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) हातात घ्या.

पण उरलेलं अर्धं कार्ब्युरेटरचंच होतं. इंजिन स्लोवर चालू ठेवून थ्रॉटल स्पिंडलच्या टोकांवर, म्हणजे ती दांडी बॉडीतनं बाहेर येते तिथे, कार्ब क्लीनरचा अगदी छोटा फवारा मारला (इंजिन गार असताना, एक्झॉस्ट तापायच्या आत, आणि आग विझवायचा सिलिंडर शेजारी ठेवून). पुढच्या कार्ब्युरेटरवर काही फरक नाही. मागच्यावर मारला की लगेच इंजिनचा आवाज बदलला. म्हणजे तिथून हवा ओढतेय. दांडी बोटाने धरून हलवली तर वरखाली खेळ लागत होता, हाताला स्पष्ट कळत होता.

आता एसयूबद्दल थोडं, कारण हा कार्ब्युरेटर कसा चालतो ते कळलं की किटातला प्रत्येक तुकडा कशासाठी आहे ते आपोआप कळतं. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. हे स्किनर लोक चपला-बूट विकणाऱ्या घराण्यातले, लिली अँड स्किनर नावाची त्यांची दुकानं होती, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज हर्बर्ट स्किनरने हा कार्ब्युरेटर काढला तेव्हा सुरुवातीच्या मॉडेलात चक्क चामड्याचा भाता होता. बूटवाल्यांच्या घरात चामडं कसं वागतं ते माहीतच असणार. पुढे भात्याच्या जागी धातूचा पिस्टन आला पण कल्पना तीच राहिली. साध्या कार्ब्युरेटरमध्ये स्लोचा जेट (पेट्रोल येतं ते बारीक भोक) वेगळा, मेन जेट वेगळा, पिकअपसाठी पंप वेगळा. एसयूमध्ये एक जेट आणि एक नीडल, बस. इंजिनने जास्त हवा मागितली की पिस्टन वर उचलला जातो, पिस्टनला खाली लावलेली निमुळती नीडल जेटमधनं वर येते, भोक मोठं होतं, पेट्रोल जास्त जातं. हवा कमी झाली की पिस्टन खाली, पेट्रोल कमी. मला हे इतकं सुंदर वाटतं की पहिल्या दिवशी मी एअर फिल्टर काढून ठेवून कितीतरी वेळ नवऱ्याला रेस द्यायला लावून पिस्टन वरखाली होताना बघत बसले होते.

तर पहिलं किट. हे मी ऑनलाइन स्वस्तात मिळालं म्हणून घेतलं, विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही. पाकिटावर "एचएस४ साठी" एवढंच लिहिलेलं, म्हणजे माझ्या कार्ब्युरेटरचं मॉडेल. त्यातल्या पॅकिंगला बोल्टची भोकं एका बाजूला सरकलेली, म्हणजे कात्रीने मोठी करून बसवावी लागली. फ्लोटची (वाटीत पेट्रोलवर तरंगणाऱ्या भागाची) नीडल व्हॉल्व्ह, जी वाटी भरली की पेट्रोल बंद करते, ती बसवली आणि चावी फिरवली तर पंप पुन्हा टकटकतोय, आणि ह्या वेळी पुढचा कार्ब्युरेटर पण गळायला लागला जो आधी गळत नव्हता! व्हॉल्व्ह तोंडात धरून फुंकून बघितली (स्वच्छ करून अर्थात) तर बंद असतानाही हवा जात होती. जेटची नायलॉनची नळी एवढी आखूड की वाटीपर्यंत ओढून न्यावी लागली. दोन शनिवार गेले ह्यात. पैसे परत मिळाले नाहीत, किट कचऱ्यात गेलं, आणि मला वाईट पैशाचं वाटलं नाही, वाईट ह्याचं वाटलं की पेट्रोल जिथे थांबायलाच हवं तिथे लोक असली वस्तू विकतात.

मग दुसरं, ज्याचा हा रिव्ह्यू आहे. एसयूचं नाव आणि ओरिजिनल पार्ट बनवायचं काम आज सॉल्सबरीच्या बर्लन कंपनीकडे आहे. त्यांचं किट मागवताना नुसतं "एमजीबी" सांगून भागत नाही, कार्ब्युरेटरच्या स्क्रूखाली एक छोटा धातूचा टॅग असतो त्यावर एयूडी नंबर कोरलेला असतो, तो द्यायचा. माझा एयूडी १३५. टॅग हरवला असेल तर गाडीचं साल आणि इंजिन नंबर घेऊन विचारा, पण अंदाजाने मागवू नका, कारण एमजीबी अठरा वर्षं बनत होती आणि तेवढ्या वर्षांत कार्ब्युरेटर आणि नीडल बऱ्याचदा बदलले, नंतरच्या गाड्यांवर तर एचएस४ जाऊन एचआयएफ४ आला.

आणि सर्व्हिस किट आणि रीबिल्ड किट ह्यात फरक आहे हे लक्षात घ्या, मला आधी माहीत नव्हतं. सर्व्हिस किटमध्ये पॅकिंगं, सील, वायसर, फ्लोटची व्हॉल्व्ह अशा लवकर खराब होणाऱ्या गोष्टी. रीबिल्ड किटमध्ये त्याशिवाय जेट, नीडल, थ्रॉटलची दांडी, थ्रॉटलची गोल चकती आणि तिचे स्क्रू. फक्त गळती असेल तर सर्व्हिस किट पुरतं. माझ्यासारखी दांडी हलत असेल तर रीबिल्डच घ्या. फ्लोट मी वेगळे मागवले, पोकळ नसलेले, भरीव मटेरियलचे, म्हणजे त्यात पेट्रोल शिरून ते बुडायचा प्रश्नच नाही. किंमत बदलत राहते म्हणून आकडा देत नाही पण मी घेतलेल्या त्या स्वस्त किटाच्या जवळजवळ तिप्पट पडलं.

पाकीट उघडल्या उघडल्या फरक दिसला. पॅकिंग जुन्या पॅकिंगवर ठेवून बघितलं, भोकावर भोक. नीडलच्या जाड टोकावर नंबर कोरलेला, माझ्या गाडीला ५ नंबरची लागते, तोच. जेट आरशासारखा स्वच्छ.

कार्ब्युरेटर काढणं वर्णन करून सांगण्यासारखं काही नाही, एअर फिल्टर, चोकची केबल, रेसची केबल, पेट्रोलच्या नळ्या, व्हॅक्युमची नळी, मग नट. खालचे नट डोळ्याला दिसत नाहीत, बोटांनी शोधायचे. पाने इंची लागतात, १/२ इंचाच्या नटाला आपला १३ मिमी पाना लागल्यासारखा वाटतो पण तो सैल असतो आणि नटाचे कोपरे खातो. माझ्या गाडीची अर्थिंग पॉझिटिव्ह आहे, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं, १९६७च्या शेवटापर्यंतच्या एमजीबीत तसंच असायचं, आणि सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, तेव्हा बॅटरीची केबल परत जोडताना सवयीने काळी वायर बॉडीला लावू नका.

खोलताना दोन गोष्टींची काळजी घ्या. एक म्हणजे वरचा घुमट आणि त्यातला पिस्टन ही जोडी असते, एकमेकांसाठी बनवलेली, पुढच्याचा पिस्टन मागच्या घुमटात गेला तर तो नीट सरकणार नाही. मी दोन वेगळ्या ताटल्या घेतल्या, एकीत पुढचा, एकीत मागचा, आणि चिकटपट्टीवर नावं लिहिली. आतनं पुसायला फक्त थिनर आणि मऊ फडकं, पॉलिश पेपर अजिबात नाही. दुसरी, थ्रॉटलच्या चकतीचे ते दोन छोटे पितळी स्क्रू. त्यांची टोकं चिरलेली असतात आणि बसवल्यावर ती फाकवून ठेवलेली असतात, म्हणजे स्क्रू सैल होऊन सुटू नये. सुटला तर तो सरळ इंजिनात जातो. काढताना टोकं आधी पक्कडने जवळ आणायची, मगच फिरवायचा, नाहीतर दांडीचे आटे जातात. नवीन बसवले की पुन्हा फाकवायचे. हे मी तीन वेळा तपासलं, झोपायच्या आधी खाली जाऊन चौथ्यांदा.

आणि इथे ती अडचण आली जी सुरुवातीला सांगितली. नवीन दांडी पुढच्या बॉडीत घातली, चपखल. मागच्या बॉडीत घातली, अजूनही हलते. म्हणजे दांडी तर झिजली होतीच, बॉडीचं भोकही लांबट झालं होतं. इथे किट काही करू शकत नाही, कुठलंच किट नाही. भोक मोठं करून त्यात बुश, म्हणजे धातूची छोटी नळी, बसवावा लागतो आणि तो दोन्ही बाजूंनी एका रेषेत यायला हवा, हातातल्या ड्रिलने करायचं काम नाही हे. मी बॉडी एका लेथवाल्याकडे दिली, चौथ्या दिवशी मिळाली, दांडी आत घातली तर तेल लावलेल्या बिजागरीसारखी फिरते आणि खेळ शून्य. तुम्ही मिरज, सांगली, कोल्हापूरकडचे असाल तर असं काम करणारे हात तुमच्या आसपास भरपूर आहेत, त्यांना नवीन दांडी सोबत द्या म्हणजे ते त्या मापाने बुश काढतील.

आता जेट सेंटर करणं. माझ्या मते ह्या सगळ्या कामाचा जीव इथे आहे आणि इथे घाई केली तर बाकी सगळं वाया. माझ्या सालच्या कार्ब्युरेटरमध्ये नीडल पिस्टनला पक्की बसवलेली असते, नंतरच्या गाड्यांत स्प्रिंगवरची आली, तिला हे लागत नाही. पक्क्या नीडलचा खांदा पिस्टनच्या खालच्या पृष्ठाशी बरोबर समपातळीत ठेवून स्क्रू आवळायचा. मग जेटचा लॉकिंग नट ढिला करायचा, जेट पूर्ण वर ढकलायचा, वरनं पिस्टन पेन्सिलने हळूच खाली दाबून धरायचा, म्हणजे नीडल स्वतःच जेटला आपल्या मध्यात घेते, आणि तसाच धरून नट आवळायचा. मग पिस्टन बोटाने उचलून सोडायचा. बरोबर असेल तर तो मऊपणे खाली येतो आणि शेवटी बारीकसा "टक" आवाज येतो, धातूवर धातू टेकल्याचा. तो टक आला पाहिजे. जेट वर असताना आला पाहिजे आणि जेट खाली केल्यावरही आला पाहिजे. जेट खाली असताना आवाज जास्त खणखणीत आला किंवा पिस्टन कुठे अडकला तर नीडल जेटला घासतेय, पुन्हा सगळं ढिलं करून पहिल्यापासून. माझा पुढचा दुसऱ्या प्रयत्नात लागला. मागचा अकराव्या. नट आवळताना जेट केसभर सरकतो हे दहाव्या वेळेला लक्षात आलं, मग एका हाताने जेट धरून दुसऱ्याने नट, आणि पिस्टन धरायला मुलीला बोलावलं. तिला टक ऐकू आला तेव्हा ती माझ्याआधी ओरडली, "आई, आला!"

फ्लोटची उंची त्यामानाने सोपी. झाकण उलटं धरायचं, फ्लोटच्या वजनाने व्हॉल्व्ह बंद होते, मग फ्लोटचा दांडा आणि झाकणाची कड ह्यात १/८ ते ३/१६ इंच अंतर हवं. १/८ इंचाचं ड्रिल बिट आडवं ठेवून मोजलं, दोन्हीकडे जरासं वाकवावं लागलं. सगळ्या रबराच्या नळ्याही बदलल्या, इथे २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याने मऊ पडून आतनं सुटायला लागतं, ते तुकडे जाऊन बरोबर फ्लोटच्या व्हॉल्व्हमध्ये अडकतात. भारतात आता २० टक्क्यांचं पेट्रोल आलंय, तेव्हा जुनी गाडी किंवा जुनी स्कूटर सांभाळणाऱ्यांनी नळ्या बघाच, इथेनॉल चालेल असं छापलेल्याच घ्या.

परत बसवलं. घुमटाच्या वरच्या टोपीखाली तेल भरायचं असतं, २० ग्रेडचं, पिस्टनच्या पोकळ दांड्याच्या तोंडापासून अर्धा इंच वर. शिवणयंत्राचं पातळ तेल भरू नका, पिस्टन फार पटकन उडतो आणि पाय दाबला की पुन्हा गचका. जेट सुरुवातीला पूर्ण वर आणून, ब्रिजशी (पिस्टन जिथे टेकतो त्या सपाट जागेशी) समपातळीत, तिथून षटकोनी नट बारा फ्लॅट खाली, फ्लॅट म्हणजे नटाची एक बाजू, म्हणजे पूर्ण दोन फेरे. दोन्ही कार्ब्युरेटर सारखे.

चावी फिरवली. टक टक टक टक... टक... टक. आणि शांत. मी दहा मिनिटं टॉर्च घेऊन ओव्हरफ्लोच्या नळ्यांखाली कागद धरून बसले. कागद कोरडा.

स्टार्ट केली, गरम होऊ दिली, मग दोघांचा बॅलन्स. रबराची एक लांब नळी घ्यायची, एक टोक कानाशी, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, आणि हवेचा सूं सूं आवाज दोन्हीकडे सारखा येईपर्यंत स्लोचे स्क्रू थोडे थोडे फिरवायचे. हवा मोजायचं मीटर मिळतं पण मला नळीने जास्त नीट कळलं. मग अण्णांना फोन लावला आणि फोन एक्झॉस्टच्या जवळ धरला. मिरजेत रात्रीचे साडेनऊ वाजले होते, मागे बातम्या चालू होत्या, अण्णांनी आईला टीव्ही बंद करायला लावला. अर्धा मिनिट काही बोलले नाहीत.

मग म्हणाले, "ताल धरतीय."

मी म्हटलं म्हणजे?

"मिस होतीय, पण तालात होतीय. ठेका असल्यागत. म्हणजे पेट्रोल जास्त. कमी असतं तर वेडंवाकडं फडफडली असती. एक फ्लॅट वर घे. दोन्ही. एकच फ्लॅट, जास्त नको."

एक फ्लॅट वर घेतला. आवाज सरळ झाला, मला इकडे उभं राहून कळायच्या आत त्यांना तिकडे कळला. मग पिस्टनखालची पिन उचलून खात्री केली, पिस्टन साधारण १/३२ इंच वर उचलायचा, इंजिन जरासं वाढून लगेच जागेवर आलं तर मिश्रण बरोबर, वाढून तसंच राहिलं तर पेट्रोल जास्त, मरायला लागलं तर कमी. पुढचा बरोबर, मागचा बरोबर. सात हजारांहून जास्त किलोमीटरवरनं, एका जुन्या फोनवरनं, ८१ वर्षांच्या माणसाने फक्त आवाजावरनं सांगितलेलं ह्या पिनने तंतोतंत खरं करून दाखवलं. मी अण्णांना म्हटलं, अण्णा, बरोबर लागलं हो. तर म्हणाले, "तुझ्या गाडीला दोन हायत म्हणून तुला अवघड वाटलं. आमच्या गाडीला एकच होता. पण आवाज त्योच."

आता सहाशे मैल झालेत. स्लो ८५० ला धरलेला आहे आणि गरम झाल्यावरही तिथेच राहतो. ॲव्हरेज २७. प्लग काढून बघितले, चारही तपकिरी बिस्किटाच्या रंगाचे, आधी मागचे दोन काळे असायचे. दुसऱ्या गिअरचा गचका गेला. सकाळी गॅरेजमध्ये वास येत नाही. शंभर मैलांनंतर मॅनिफोल्डचे नट एकदा पुन्हा आवळावे लागले कारण नवीन पॅकिंग दबून बसतं, हे कुणीही केलं तरी लागणारच, विसरू नका.

घरी करण्यासारखं आहे का? टॅपेट आणि पॉइंट तुम्ही स्वतः लावत असाल तर नक्की आहे, तीन शनिवार धरा, बुशचं काम निघालं तर पाच. ह्या गाडीला इथे ४० वर्षांच्या वर म्हणून दरवर्षीची एमओटी तपासणी माफ आहे, पण गाडी रस्त्यावर सुरक्षित ठेवायची जबाबदारी मालकाचीच राहते, तपासणारा कुणी नाही म्हणून तर पेट्रोलच्या कामात मी स्वतःशी जास्त कडक राहते. हात थरथरत असेल किंवा गळतीची खात्री होत नसेल तर खोललेला कार्ब्युरेटर तसाच डब्यात घालून जाणकाराकडे द्या, त्यात काही कमीपणा नाही.

किटला माझे पाचपैकी पाच. एकच विनंती, मागवायच्या आधी दांडी बोटाने हलवून बघा.

पुढच्या महिन्यात पुढच्या चाकांचे किंगपिन (चाक ज्यावर वळतं त्या पिना) काढणार आहे, त्यांचं किट आलंय पण ग्रीसचे निपल जाम बसलेत. अण्णा म्हणतात आधी गरम कर, मग रॉकेल, मग रात्रभर तसंच ठेव. इथे रॉकेलला पॅराफिन म्हणतात, उद्या आणते.